स्मॉल ब्लाइंडमधले राजा-दश्शी: मिरजेच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मिरजकर,

प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण हिशेब मांडून लिहिलीत, म्हणून उत्तरही हिशेबानेच देतो. पोकरवरच्या मागच्या लेखात मी म्हटलं होतं की कट-ऑफवरून (डीलरच्या, म्हणजे बटणाच्या, आधीच्या जागेवरून) अडीच ब्लाइंडची रेझ (वाढीव बोली) आली आणि आपण स्मॉल ब्लाइंडमध्ये वेगवेगळ्या रंगांचे (एक चौकट, एक इस्पिक असे) राजा-दश्शी घेऊन बसलो असू, तर फोल्ड करावं, म्हणजे पानं टाकून द्यावीत. (ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीने टाकायची रक्कम: बटणानंतरचा पहिला अर्धा टाकतो, तो स्मॉल ब्लाइंड; त्याच्या पुढचा एक टाकतो, तो बिग ब्लाइंड.) त्यावर तुमचं म्हणणं असं: अर्धा ब्लाइंड आधीच आत आहे, आणखी दोन घातले की पॉट (मधे जमलेली रक्कम) सहाचा होतो, म्हणजे ३३ टक्के वेळा जिंकलं तरी पुरे. या हाताला चाळीसच्या आसपास मिळतात. मग फोल्ड कशाला? वर "नव्या पोरांना भित्रं करताय" हा शेरा.

३३ बरोबर आहे. चाळीसही मान्य. पण ते चाळीस टक्के काढताना असं धरलेलं असतं की मधली पाचही सामायिक पानं (फ्लॉपला तीन, मग टर्नला आणि रिव्हरला एकेक) उघडेपर्यंत कुणीच एक चिपसुद्धा पुढे सरकवणार नाही. समोरचा त्या अडीच ब्लाइंडवर ऑल-इन (सगळ्या चिप्स आत) असता तर मीही तुमच्यासारखाच कॉल केला असता, म्हणजे बरोबरीची रक्कम घातली असती. इथे दोघांकडे शंभर-शंभर ब्लाइंड आहेत आणि प्रत्येक फेरीत आधी बोलायचंय तुम्हाला. आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात एकाने दरवेळी पहिली बोली लावायची आणि दुसऱ्याने ती ऐकून ठरवायचं, असं असतं तर कुणाच्या जागी उभं राहायला आवडलं असतं? शिवाय तुमच्या मागे बिग ब्लाइंडवाला अजून बोलायचाय. त्याने पुन्हा रेझ केली तर फ्लॉप न बघताच तुमचे दोन ब्लाइंड गेले.

समजा तो पानं टाकून गेला आणि पॉट सहाचा झाला. फ्लॉप आला बदाम राणी, किलवर दश्शी, इस्पिक पंजी. तुमची दश्शीची जोडी, म्हणजे मधली पेअर. धड टाकवत नाही, धड मिरवता येत नाही. तुम्ही चेक करता (काही न लावता पाळी पुढे देता), कट-ऑफवाला दोन लावतो. २० टक्के पुरेत, कॉल करायलाच हवा. पॉट दहा. टर्नला किलवर सत्ती. तुम्ही पुन्हा चेक, आता तो सात लावतो. इथे २९ टक्के लागतात. बघून घेऊ म्हणत हाही कॉल केलात, तर पॉट २४चा होतो आणि रिव्हरला दुर्री येऊन तो अठरा लावतो. जोडी तीच, दश्शीची. दोन ब्लाइंडचा स्वस्त कॉल म्हणून सुरुवात झाली होती. हाही कॉल केला तर तुमचे साडेएकोणतीस ब्लाइंड आत असतील. आणि टर्नला किंवा रिव्हरला टाकलंत, तर तो ब्लफ करत असताना तुमचा जिंकणारा हात कचऱ्यात गेला. त्या चाळीस टक्क्यांतला एक भाग असा गळतो.

टर्नला सत्तीऐवजी राजा आला असता तर? दोन पेअर झाल्या म्हणून तुम्ही मनातल्या मनात टाळी दिली असती. पण त्याच राजाने गुलाम-नव्वीवाल्याचा स्ट्रेट (ओळीची पाच पानं) पूर्ण होतो, आणि एक्का-गुलामवाल्याचाही. कट-ऑफवरून रेझ करणाऱ्याकडे हे दोन्ही हात अगदी सहज असतात. आता आधी तुम्ही बोलायचं. लावलं, तर कमजोर हात पळतात आणि वरचा हात रेझ करतो. चेक केलं, तर तो फुकट पुढचं पान बघतो. बटणावर, म्हणजे शेवटी बोलायच्या जागेवर, बसून हीच पानं असती तर त्याचा चेक किंवा बेट आधी दिसला असता आणि पॉट कुठवर वाढवायचा हे तुमच्या हातात राहिलं असतं.

"आमच्या टेबलावर तर हे चालतं" असंही तुम्ही लिहिलंय. चालत असेलच. टर्नला हवेत कुणी बेट मारतच नसेल, तर दश्शीची जोडी स्वस्तात शोडाउनपर्यंत (शेवटी पानं दाखवण्यापर्यंत) जाते आणि तुमचे चाळीस टक्के जवळपास पुरते वसूल होतात. तिथे करा कॉल, माझी हरकत नाही. पण तो समोरच्यांचा आळस झाला. ज्याला टर्नचा दुसरा बेट मारता येतो, असा एक जण टेबलावर येऊन बसला की चित्र पालटतं. राहिला "ऑनलाइन खेळून बघा" हा सल्ला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणलीय, आणि आमचं विश्रामबागेतलं टेबल प्लास्टिकच्या चिप्सवर, बिनपैशाचं चालतं. (भडंगाची पैज असते, ती धरू नका.)

एका बाबतीत तुमचा मुद्दा पक्का आहे, फक्त खुर्ची चुकली. हाच हात बिग ब्लाइंडमध्ये असेल, बटणावरून अडीचची रेझ आली असेल आणि स्मॉल ब्लाइंड गेला असेल, तर दीड घालून साडेपाचच्या पॉटला जाता येतं. लागतात २७ टक्के, आणि मागे बोलणारं कुणी उरत नाही. तिथे मी राजा-दश्शी टाकत नाही. पोझिशन (बोलायच्या क्रमातली जागा) तिथेही वाईटच असते, पण दर इतका चांगला मिळतो की थोडी गळती सोसते. मात्र फ्लॉपवर कॉल करतानाच ठरवून ठेवतो की टर्नला मोठा बेट आला तर कोणत्या पानांवर थांबायचं आणि कोणत्या पानांवर सोडायचं. हे टर्न आल्यावर ठरवायला बसलं की हात आपोआप चिप्सकडे जातो.

तुमचा शेवटचा प्रश्न: मग स्मॉल ब्लाइंडमध्ये नुसतं बसून राहायचं का? मुळीच नाही. राजा-दश्शी एकाच रंगाचे असतील तर कट-ऑफच्या रेझवर मी बऱ्याचदा थेट दहा-अकरा ब्लाइंडला पुन्हा रेझ करतो. कधी तिथेच पॉट मिळतो. नाही मिळाला तर निदान बिग ब्लाइंडवाला बहुधा बाजूला होतो आणि फ्लॉपवर पुढाकार माझ्याकडे असतो. वेगळ्या रंगांचे असतील तर बहुतेक वेळा फोल्ड. आणि टूर्नामेंटमध्ये पंधराच ब्लाइंड उरले असतील तर वरचा टर्न-रिव्हरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा. तिथे बहुतेकदा ऑल-इन तरी करायचं, नाहीतर पानं टाकायची.