दवाखाना बांधताय? आधी टी-शर्ट छापा

आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात दवाखाना बांधायचं मनात आलंय ना? उत्तम. खेडं कुठलं ते नंतर बघू, आधी टी-शर्टचा रंग ठरवा. मग किलिमांजारो चढून या. तुम्ही ५,८९५ मीटर वर गेल्यानं टांझानियातली बाळंतपणं सुखरूप कशी होतात, हे विचारायचं नसतं. शिखरावरच्या फोटोखाली देणगीची लिंक टाकायची असते. विमानाचं तिकीट, बूट, हमाल, वाटाड्या अशी बेरीज करून 'एवढ्यात तिथल्या नर्सचा पगार…' असं पुटपुटणारा एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये निघतोच. ॲडमिननं त्याला वेळीच काढावं.

वाटेत 'बजाजी' दिसतील. आपलीच रिक्षा, पुण्याच्या बजाजचं नाव तिला तिकडे कायमचं चिकटलंय. तेवढा एक सेल्फी घ्या.

गावात पोचलात की लोक आधी तुम्हाला एक अर्धवट बांधकाम दाखवायला नेतील. भिंती खिडक्यांच्या वर आलेल्या, छप्पर नाही, आत कमरेएवढं गवत. याला तिथे 'बोमा' म्हणतात. अशी पुष्कळ असल्यामुळे 'माबोमा' हे अनेकवचनच जास्त ऐकू येतं. २००७ साली सरकारनं गावोगावी झहानाती, म्हणजे छोटा दवाखाना, काढायचा कार्यक्रम आखला. लोकांनी वर्गणी काढली, वाळू वाहिली, विटा भाजल्या. अनेक ठिकाणी पत्र्यापर्यंत पैसे पुरले नाहीत. आता ते तुम्हाला म्हणतील, फक्त छप्पर घालून द्या. या मोहात पडू नका. पत्र्याचं उद्घाटन होत नाही. शिवाय भिंती त्यांच्या असल्या तर आपली पाटी कुठे ठोकणार? शेजारीच नवा पाया खणा.

विटा स्वतः रचा. गावात गवंडी असतोच, पण त्याला फोटोत घेऊ नका. तुमची ओळ आणि त्याची ओळ एका चौकटीत आली की देणगीदारांना फरक कळतो.

जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तर अजिबात भेटू नका. रटाळ माणूस. विचारणार, नोंदणी केलीत का, पाणी कुठून आणणार, लसींचा फ्रीज २ ते ८ अंशांत कशावर चालवणार, आणि नर्स राहणार कुठे? नर्सचं घर! दोन खोल्या आणि एक संडास बांधायला कोण देणगी देतं? फार तर सांगा, डॉक्टर आम्ही पाठवू. अशा दवाखान्यात मुळात डॉक्टर नसतोच, पदविका घेतलेला क्लिनिकल ऑफिसर असतो आणि गाव त्यालाच 'दाक्तारी' म्हणतं, हे कळायची गरज नाही.

औषधं मात्र घरूनच न्या. पोचताना मुदत किमान वर्षभर उरलेली असावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पण मग आपलं कपाट कधी रिकामं होणार?

२००१ साली नायजेरियातल्या अबुजात आफ्रिकी देशांनी अर्थसंकल्पातले किमान १५ टक्के आरोग्यावर खर्चायचं कबूल केलं होतं. त्या शब्दाची आठवण करून देत राहणाऱ्या तिथल्याच लोकांना मदत करता येते म्हणे. त्याला टी-शर्ट नाही. सोडा.

पाटी मात्र मनापासून करा. काळा ग्रॅनाइट, वर देणगीदारांची नावं, जागा उरली तर खाली गावाचं. अक्षरांना रंग चमकणारा घ्या. मार्च ते मे तिकडे 'मसिका'चा पाऊस असतो. अशाच एखाद्या रात्री कळा सुरू झालेल्या बाईला बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, मधे बसवून, मागून सासूनं धरून, चिखलातून आणतील. दाराला कुलूप असेल, कारण नर्स तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत. त्या वेळी मोटरसायकलचा दिवा पाटीवर पडला की तुमची नावं लख्ख दिसली पाहिजेत. स्पेलिंग तेवढं आधी तपासून घ्या.