मी खंबाटकीत कधी बंद पडले नाही

सकाळी कणीक मळत होते तेव्हा घरच्या ग्रुपवर भाच्याने एका गाडीचा फोटो टाकला. जुनी, दोन हातांतून गेलेली. पण दिसायला! खोटं कशाला बोलू, पिठाच्या बोटांनीच फोटो मोठा करून पाहिला. लांब नाक, मागे उतरत गेलेलं छप्पर, आणि रंग असा की पुसायला फडकंही रेशमी घ्यावं. खाली लिहिलेलं, "आत्या, आतोबा, घेऊ का? साडेचार म्हणतोय, चारला देईल." पोरगं 23 वर्षांचं. हिंजवडीत पहिली नोकरी, सहा पगार झालेत फक्त.

मी हात धुऊन येईपर्यंत आमच्या घरातल्या जाणकारांचं उत्तर गेलंही होतं. "बिनधास्त घे. सुंदर गोष्टीला थोडे नखरे असायचेच."

हे ह्या माणसाने लिहावं? ह्या माणसाने?

नवीन मित्रमैत्रिणींसाठी सांगते. जुन्यांनी खाली उतरावं, त्यांना हे पाठ आहे. मे 2001. माझ्या एकुलत्या एका भावाचं लग्न, साताऱ्यात. मी करवली. आमच्याकडे तेव्हा नवऱ्याने मोठ्या हौसेने घेतलेली, पिकल्या जांभळाच्या रंगाची एक सेकंडहँड गाडी होती. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भक्तमंडळी कमेंटमध्ये येऊन बसायची. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. मी म्हणत होते आदल्या रात्रीच जाऊ. "सकाळी निघू गं, दोन तासांत सातारा." निम्मा खंबाटकी घाट चढलो आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. मग बॉनेटमधून वाफ. मग कूलंटचा तो गोडसर वास. मग काहीच नाही, नुसता घाट.

करवलीच्या हातात कऱ्हा असतो. माझ्या हातात पाण्याची रिकामी बाटली होती. पैठणी वर खोचून मी रस्त्याच्या कडेला उभी, आणि दिसेल त्या ट्रकवाल्याकडे पाणी मागतेय. एकजण थांबला, डोकावला, म्हणाला, "हेड गॅस्केट उडालं वाटतं." आणि त्याच दमात, "पण गाडी काय झकास आहे हो साहेब!" माझा नवरा खूश झाला. मी सांगते ना, तिथे, त्या वाफेत, तो लाजून हसला.

मी शेवटी वडापच्या जीपमधून गेले. मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी कांद्याचं पोतं. सव्वाला पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. कऱ्हा चुलत बहिणीने धरला होता, अल्बममध्ये तीच आहे. नवरा माझ्याबरोबर आला नाही. "गाडीला असं एकटं टाकून कसं येऊ?" म्हणाला. मला एकटीला वडापमध्ये बसवताना हा प्रश्न पडला नव्हता.

संध्याकाळी पाचला टोचन लावून आला आणि मांडवात सगळ्यांना सांगत सुटला, "शिरवळला काय ट्रॅफिक होता!"

माझा राग त्या "ट्रॅफिक"वर आहे. गाडी बंद पडण्यावर नाही. गाड्या बंद पडतात, मेकॅनिकच्या मुलीला हे कुणी शिकवायला नको. पण साधी गाडी बिघडली की मालक चारचौघांत तिचा उद्धार करतो. देखणी बिघडली की तोच मालक तिच्या बाजूने खोटं बोलायला लागतो. पेट्रोलमध्येच कचरा होता. सर्व्हिसिंगला दिलीय जरा. अॅव्हरेज बघणाऱ्यांनी अशा गाड्या घेऊच नयेत. हायवेवर चढ आला की गाडी ओढत नाही, मागचा टेम्पो हॉर्न मारत पुढे जातो, आणि आमचे हे म्हणणार, "ही पळवायची गाडी नाही, अनुभवायची आहे." अनुभवली ना. खंबाटकीत.

आणि ते "नखरे"! सुंदर म्हणजे नखरे असणारच, ही जी काही पुरुषी अक्कल आहे, ती गाडीपासून सुरू होते आणि कुठे जाते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. लग्नाला 27 वर्षं झाली. मीही बरी दिसायचे, लोक सांगतात. पण मी खंबाटकीत कधी बंद पडले नाही. मी पाणी आणत होते.

चहा घेऊन आले. पुढे.

माझे वडील साताऱ्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांचा एकच नियम, गाडीचं तोंड बघू नये, बूड बघावं. मी शाळेत असताना एकदा महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी एक गाडी उभी होती आणि भोवती गर्दी. स्टँडर्ड 2000. आमच्या डोळ्यांना तोवर अँबॅसडर, फिएट आणि नवी मारुती एवढीच सवय. ही म्हणजे शेवग्याच्या शेंगांत केळफूल. चपटी, लांब, मागचं दार छपरापासून उघडणारं.

विलायतेत हिचं नाव रोव्हर एसडी 1, ब्रिटिश लेलँड कंपनीची. 1976 साली आलेली, फेरारी डेटोनावर डोळा ठेवून रेखलेली, 1977 ला युरोपात वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरलेली. तिकडच्या मोठ्या मॉडेलच्या बॉनेटखाली साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1985 मध्ये तेच रूप इकडे आणलं, आपल्या रस्त्यांसाठी जरा उंच केलं, आणि आत बसवलं काय, तर जुन्या व्हॅनगार्डचं दोन लिटरचं चार सिलिंडरी इंजिन. व्हॅनगार्ड ही 1947 ची गाडी! त्या घराण्यातलं इंजिन तिकडे फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरलाही होतं. किंमत मात्र अशी की त्यात कितीतरी मारुत्या दारात उभ्या राहिल्या असत्या.

बाबा वाकले, खालून बघितलं. थोड्या वेळाने मालक आला, त्याने सेल्फ मारला. बाबांनी मान तिरकी करून आवाज ऐकला आणि मला हळूच विचारलं, "नांगर कुठाय गं?"

ती गाडी काही वर्षांत बंद झाली, आणि कंपनीचा गाड्यांचा कारखानाही. मी कधी कधी विचार करते, त्या थोड्या वर्षांत ज्यांनी घेतली त्यांनी आपापल्या मांडवांत काय काय कारणं सांगितली असतील.

बाबांच्या एसटीलाही लेलँडचंच इंजिन असायचं, अशोक लेलँडचं. लाखो किलोमीटर. आणि तिकडे मूळ घरी, ब्रिटिश लेलँडच्या छपराखाली, देखण्या गाड्यांची रांग लागलेली आणि एकेकीची कहाणी रडवणारी. ट्रायम्फ स्टॅग बघा. फोटो शोधून बघाच, उघड्या टपाची, इटलीच्या मिकेलोत्तीने काढलेली, 1970 ची. काय ती रेष! इंजिन तीन लिटरचं, आठ सिलिंडर, खालचा ठोकळा बिडाचा आणि हेडं, म्हणजे त्याच्यावरची झाकणं, अॅल्युमिनियमची, आणि पाण्याचा पंप बसवला इंजिनाच्या वरच्या अंगाला. म्हणजे पाणी जरा कमी झालं की आधी पंपच कोरडा. पंप कोरडा की इंजिन तापलं, तापलं की हेड वाकडं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटीच मोठ्याने ओरडले होते, "अगं बाई, ही तर आपलीच!" गंमत म्हणजे त्याच कंपनीच्या दुसऱ्या घरात रोव्हरचं चांगलं आठ सिलिंडरी इंजिन तयार होतं. पण आपलं ते आपलं. ह्यांच्या अहंकारापायी कुणाकुणाच्या करवल्या घाटात उभ्या राहिल्या.

जॅग्वार ई-टाइप, 1961 ला जिनिव्हात दाखवली तेव्हा जग वेडं झालं. जगातल्या सुंदर गाड्यांच्या कुठल्याही यादीत असतेच. गर्दीत हळू चालवली की तापायची. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1996 मध्ये एक आपल्या संग्रहात घेतली. अगदी योग्य जागा. तिथे सिग्नल नसतो आणि चढ नसतो. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांना लुकासचं इलेक्ट्रिकचं सामान असायचं आणि तिकडचे लोक जोसेफ लुकासला "काळोखाचा राजपुत्र" म्हणत, कारण दिवे कधी जातील त्याचा नेम नाही. आमच्या जांभळीच्या काचा पावसात वर जात नसत, फक्त पावसात. राजपुत्राचा कुणीतरी चुलतभाऊ असणार.

आणि डीलोरियन! पंखांसारखी वर उघडणारी दारं, रंगच नाही, नुसतं स्टेनलेस स्टील, आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यासारखं. बेलफास्टजवळ कारखाना काढला, 1981 पासून साधारण 9,000 गाड्या केल्या आणि दिवाळं. अंतराळयानासारखी दिसणारी ती गाडी अमेरिकेत अवघ्या 130 अश्वशक्तीची. रूप यानाचं, जीव रिक्षाचा. (रिक्षावाल्या दादांनो माफ करा. रिक्षा वेळेवर पोचते.)

आता कुणीतरी लिहिणार, आपली प्रीमियर पद्मिनी पण घाटात तापायची. हो, तापायची. बॉनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचो आणि पुढे जायचो. पण पद्मिनीच्या मालकाने कधी शिरवळच्या ट्रॅफिकचं नाव घेतलं नाही. "तापली," म्हणायचा, एक चहा प्यायचा आणि निघायचा. चितोडच्या राणीचं नाव मिरवणारी ती ठोकळा गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून 2023 पर्यंत चालली.

आणि हल्लीच्या गाड्या इतक्या बंद पडत नाहीत, हेही मान्य. झालं?

पण मग नखऱ्यांची सबब आणखीच खोटी ठरते ना? माझ्दाने 1989 मध्ये एमएक्स-5 आणली. डोळ्यांसमोर ह्याच जुन्या इंग्रजी टपउघड्या गाड्या होत्या. तेच छोटेसे अंग, तोच गोड चेहरा. फक्त ती तेल गाळत नव्हती आणि सकाळी पहिल्या सेल्फला चालू होत होती. म्हणजे दिसणं आणि चालणं ह्यांचं काही सात जन्मांचं वैर नव्हतं. कुणीतरी पाण्याचा पंप कुठे बसवायचा ह्याचा नीट विचार करायला हवा होता, बस. तो विचार करावा लागत नाही, कारण आपल्यासारखे लोक बॉनेट न उघडताच पैसे देतात आणि वर कंपनीची अब्रूही झाकतात.

(मागून आवाज आला, "किती लिहितेस?" उत्तर दिलेलं नाही.)

खरं तर लग्नाच्या दिवसाचा एक भाग मी फारसा सांगत नाही. पाचला हा आला, ट्रॅफिकचं सांगून झालं. बाबांनी त्याच्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत काळे, एका तळव्यावर भाजल्याचा फोड. एकट्याने दुपारभर रेडिएटरशी झटापट केली होती त्याने, उपाशी, लग्नाच्या झब्ब्यात. बाबा एक शब्द बोलले नाहीत. रॉकेलचं फडकं आणून दिलं आणि पानावर बसवलं.

रात्री पाहुणे पांगल्यावर दोघं टॉर्च घेऊन गाडीपाशी गेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा बॉनेट बंद होतं. आयुष्यभर बूड बघा म्हणणारे माझे बाबा त्या जांभळीच्या मडगार्डवरून सावकाश हात फिरवत होते. मला बघितल्यावर जरा चपापले. "इंजिन गाळात आहे," म्हणाले. "पण जावईबापू, पत्रा काय वळवलाय हो."

नवरा तेव्हा रडवेला झाला होता. मीही थोडी विरघळले होते, आता 24 वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

पण विरघळून राहायची सोय नाही, कारण 2004 मध्ये ती गाडी विकली तेव्हा मी शेजारीच बसले होते. सांगलीचं नवं जोडपं आलं होतं. मुलीच्या हातात अजून हिरवा चुडा. तिच्या नवऱ्याने विचारलं, "काही त्रास?" आणि माझा नवरा, एरवी भाजीवालीने जास्त दिलेले दोन रुपये परत नेऊन देणारा माणूस, म्हणाला, "कधीच नाही." मी गप्प बसले. चहा पुढे केला. ती मुलगी गाडीकडे बघत होती, आणि तिची नजर मला चांगली ओळखीची होती. तिने कुठल्या घाटात कुणाकडे पाणी मागितलं असेल, देव जाणे. ताई, तुम्ही ही पोस्ट वाचत असाल तर मला शिव्या द्या.

तर आज तोच नवरा तोच सल्ला माझ्या भावाच्या मुलाला देतोय. ज्या लग्नात मी नव्हते, त्या लग्नाच्या मुलाला!

रविवारी आम्ही तिघं ती गाडी बघायला जातोय. पाऊस सांगितलाय, बरंच आहे, दारांतून पाणी येतं का ते कळेल, काचा वर जातात का तेही. बाबांचा टॉर्च काढून ठेवलाय, सेल नवे घातलेत. साडी नेसणार नाही, खाली वाकायचंय.

इतकं लिहून होतंय तोवर भाच्याचा आणखी एक मेसेज. त्याच माणसाकडे एक पांढरी गाडी आहे. एकच मालक, सगळी सर्व्हिसिंगची बिलं, इंजिन एकदम ओके, आणि तीन लाखांत देतोय. फोटोही आहे. दिसायला साबणाची पेटी. नवऱ्याने खाली लगेच लिहिलंय, "छे!"

अर्धा तास झाला. मीही अजून काही लिहिलेलं नाही.