सह्याद्री ‘थ्रस्ट’वर उभा नाही

गोव्यात एक संदेश फिरतोय: सह्याद्री हिमालयासारखाच थ्रस्ट फॉल्टवर उचलला गेला, दूधसागरचा कडा ही त्या फॉल्टचीच रेघ, चोर्ला घाटात खडक एकमेकांवर चढलेले दिसतात, म्हणून इथे नेपाळसारखा भूकंप ठरलेलाच.

आधी चोर्ला. थ्रस्ट म्हणजे दाबाखाली खडकाचा एक भाग कमी उताराच्या भेगेवरून दुसऱ्यावर चढणं. त्यामुळे बहुधा जुना खडक नव्याच्या डोक्यावर येतो. चोर्ल्याच्या बाजूला नेमकं उलट आहे. वर सुमारे ६.६ कोटी वर्षांचा दख्खनचा बेसाल्ट, खाली दोनशे कोटींहून अधिक वर्षं जुने खडक. जुन्या, झिजलेल्या जमिनीवर लाव्हा पसरला, एवढंच. मधली रेघ झिजेची आहे. थ्रस्ट असता तर तिथे भरडलेल्या, ताणलेल्या खडकाचा पट्टा आणि एकाच दिशेने ओढलेल्या घाशीच्या रेषा हव्या होत्या. एखादा गुळगुळीत कातळ पुरावा होत नाही. खडकातली साधी फटही तशी दिसते.

आता कडा. भारताच्या पश्चिम काठावर घडलं ते ताणामुळे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी भारतापासून मादागास्कर सुटलं, नंतर सेशेल्स. ताणात जमीन फाटते आणि एक बाजू खचते. ती चढत नाही. पुढे नद्यांनी तो काठ कुरतडत पूर्वेकडे नेला. म्हणूनच कड्याची पायथारेषा वाकडीतिकडी, खोऱ्यांत आत शिरलेली आहे. दूधसागरचा प्रवाह तेच काम आजही करतोय.

दिशेचा मुद्दा मला सर्वांत भक्कम वाटतो आणि त्याकडेच कुणी पाहत नाही. भारतीय भूपट्ट उत्तरेला रेटला जातोय, त्यामुळे द्वीपकल्पातला दाब साधारण उत्तर-दक्षिण आहे. थ्रस्टची भेग दाबाला आडवी पडते. हिमालय तसा आडवा आहे, सह्याद्री साधारण दाबाच्याच दिशेने धावतो.

द्वीपकल्पात थ्रस्ट होतच नाही, असं मात्र म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत खडक असाच वर सरकला. पण ती छोटी, उथळ भेग होती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात दोन्ही भाग मुख्यतः आडवे घासले. त्याचा संबंध जलाशयाशी जोडला जातो.

नेपाळमध्ये २०१५ साली ७.८ तीव्रतेसाठी सुमारे १५० किमी लांब थ्रस्ट फाटला. कड्याखाली तसा थ्रस्टच नाही, तर ‘ठरलेला’ भूकंप कुठून येणार? तरी भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, आणि ते गंभीरच घ्यायला हवं. खाली पार्किंग ठेवून उघड्या खांबांवर उभ्या केलेल्या इमारती ही खरी काळजी. अशा खांबांत उभ्या सळ्यांभोवतीच्या लोखंडी रिंगांची टोकं ९० अंशांतच वळवली असतील, तर हादऱ्यात ती उघडतात आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. काँक्रीट ओतायच्या आधी साइटवर जाऊन हेच पाहा.