सावळी मुलगी आणि बादलीचं टूल

नमस्कार. माझ्या रेखाटनावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ॲनिमेशनमध्ये निळी-हिरवी माणसं चालतात, मग वंश-वर्णाचा हिशेब कशाला? हे अमेरिकेचं खूळ गोव्यात नको. आणि माझ्या रेखाटनातली सावळी मुलगी म्हणजे गोऱ्या मुलीवरच ओतलेला रंग.

शेवटचं आधी घेतो. ते झोंबलं, कारण खरं आहे. मी जुनंच डोकं उचललं, तेच टोकदार नाक, तेच सरळ केस, आणि बादलीचं टूल (एका क्लिकमध्ये सगळीकडे रंग ओतणारं) मारलं. बाह्यरेषा काळीच ठेवली, त्यामुळे गडद त्वचेत नाकाची घडण बुडाली. रेषेचा रंगही बदलायला हवा होता. उजेडाचंही तसंच. सावळ्या गालावर तो चकाकीतून दिसतो. नुसता ब्राइटनेस खाली ओढला की चेहरा राखाडी, आजारी वाटतो. मोठे स्टुडिओही इथे घसरतात. टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, २००९ची. २०१८ मध्ये ‘राल्फ ब्रेक्स द इंटरनेट’च्या ट्रेलरमध्ये ती उजळ झाली होती, नाकही बारीक झालं होतं. प्रेक्षकांनी धारेवर धरलं, मग डिस्नेने तिला पुन्हा घडवलं.

निळ्या-हिरव्यांबद्दल एवढंच: वधू-वर जाहिरातीत ‘गोरी’ अजून छापून येतं. ‘निळी पाहिजे’ असं मी तरी वाचलेलं नाही.

हे अमेरिकेचं खूळ आहे, हे मात्र मान्य नाही. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून माणसं गुलाम करून याच किनाऱ्यावर उतरवली. आफ्रिकी वंशाचे सिद्दी आजही शेजारच्या उत्तर कन्नडात राहतात, त्यांच्यातल्या काहींचे पूर्वज गोव्यातून पळालेले. अमेरिकेत क्रेयोला या खडूंच्या कंपनीने ‘फ्लेश’ (म्हणजे त्वचेचा रंग) नावाचा खडू १९६२ मध्ये ‘पीच’ केला. आपल्याकडे त्या फिकट गुलाबी खडूला मुलं अजून ‘स्किन कलर’च म्हणतात. फोंड्याला माझ्या चित्रकलेच्या शिकवणीत एका मुलीने आईचा चेहरा त्याच खडूने रंगवला होता. आई घ्यायला आली, तर माझ्याहून काळी. (आणि मी काही उजळ नाही.) मी पोरीला काही बोललो नाही; बोलणार तरी काय, तिच्या पेटीत दुसरा म्हणजे तपकिरी होता, पण तो झाडाच्या बुंध्याचा!

असो. ती मुलगी मी पुन्हा काढतोय. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात वही घेऊन बसेन, नाकं तिथूनच उचलीन. नवं रेखाटन टाकलं की असंच झोडपा.