रात्रीचा घाम आणि सब्जा-गुलकंद: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा
‘पाळी जायच्या सुमारास रात्री घाम फुटतो तो अंगात उष्णता साठल्यामुळे; महिनाभर सब्जा-गुलकंद घ्या, कायमचा थांबेल,’ असा मेसेज महिलांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

या वयात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन खालीवर होतं आणि शरीराचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र, हायपोथॅलॅमस, हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाम काढतं. गाऊन चिंब, पाठोपाठ हुडहुडी. हा त्रास अनेकींना काही वर्षं राहतो. सब्जाने अपाय नाही, पण हे केंद्र त्याने ताळ्यावर येत नाही.

जाड गोधडीऐवजी दोन पातळ सुती चादरी घ्या, एक झटकन बाजूला सारता येते. उशाशी कोरडा गाऊन ठेवा. तरी झोप रोज मोडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाच, सोसत बसू नका. हार्मोन थेरपी सर्वांत परिणामकारक. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना ती सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी हार्मोनविरहित औषधं आहेत.

घामासोबत संध्याकाळचा ताप, घटतं वजन, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर मात्र आधी टीबीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.