एएफच्या माणसाला ७२ चं माप लावू नका

‘ठोके बिघडलेल्यांनी हे जरूर वाचा’ अशा मथळ्याचा एक मजकूर गेल्या पंधरा दिवसांत मला चार ठिकाणांहून आला. चोपड्याहून, अमळनेरहून, यावलहून आणि शेवटी घरातूनच, आमच्या जिभाऊंकडून. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय बेताल होण्याचा आजार) असलेल्याचे ठोकेही मिनिटाला ७२ च हवेत. सकाळी ७० आणि दुपारी ११० असा फरक दिसला तर हृदय थकलं समजा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर दिसेल तो आकडा खरा. धडधड जाणवत नसेल तर आजार गेला. आणि आकडा १०० च्या आत राहू लागला की रक्त पातळ करणारी गोळी बंद करा, ती उगाच मेंदूत रक्तस्राव करते.

मी ३१ वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी मेडिसिन वॉर्डात. जिभाऊंना आठ वर्षांपासून एएफ आहे आणि त्यांच्या नाडीची वही मीच ठेवते. हा मजकूर वाचून त्यांनी चार दिवस गोळी घेतली नाही. मला पाचव्या दिवशी कळलं.

आधी ७२ चं बघू. निरोगी माणसालाही ७२ चं बंधन नाही; स्वस्थ बसलेलं असताना ६० ते १०० मधलं काहीही चालतं. एएफमध्ये तर ठोका ठरवण्याची रीतच बदललेली असते. एरवी हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातली एक गाठ ताल धरते आणि बाकीचं हृदय तिच्या मागे चालतं. एएफमध्ये वरचे दोन्ही कप्पे नुसते थरथरतात आणि मिनिटाला ३५० ते ६०० विजेचे झटके खाली ढकलत राहतात. ते सगळे खाली पोचले तर माणूस वाचणार नाही. मध्ये एव्ही नोड नावाचा नाका आहे, तो त्यातले थोडेच सोडतो. जे झटके अर्ध्यात अडतात तेही नाक्याला दमवून जातात, म्हणून पुढचा कधी सुटेल याला काही हिशेब राहत नाही. नाडी दोन ठोके लगबगीने देते, मग थांबते, मग एक मोठा देते. औषध नसेल तर अशा माणसाचे ठोके सहज १२० ते १६० पर्यंत जातात. उलट काही म्हाताऱ्या माणसांचा नाकाच जुना झालेला असतो. त्यांचे ठोके एकाही गोळीशिवाय ६० च्या आसपास राहतात. एकच आजार, दोन माणसं, दुप्पट फरक. दोघांना ७२ चा एकच गज कसा लावणार?

मग किती असावेत? याचा अभ्यास झालेला आहे. नेदरलँड्समध्ये कायमचा एएफ असलेल्या ६१४ रुग्णांवर रेस-२ नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २०१० मध्ये आले. एका गटात विश्रांतीतले ठोके ८० च्या खाली आणण्याचा आग्रह धरला, दुसऱ्यात ११० च्या खाली असले तरी पुरे मानलं. तीन वर्षांत हृदयाचे मोठे त्रास किंवा त्यामुळे मृत्यू हे सैल गटात १२.९ टक्के आणि कडक गटात १४.९ टक्के लोकांत दिसले. म्हणजे कडकपणाने जास्त पदरात पडलं नाही. गोळ्या मात्र जास्त लागल्या. याचा अर्थ ११० सगळ्यांनाच चालेल असा कोणी काढू नये. ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे किंवा ज्याला दम लागतो, त्याचे ठोके डॉक्टर आणखी खाली आणतात. आणि आठवडेच्या आठवडे १३०-१४० ने पळणारं हृदय खरोखर कमजोर पडतं, तेही मी वॉर्डात पाहिलं आहे. मात्र मर्यादा त्या त्या माणसाची ठरते, मोबाइलवर आलेल्या मजकुरात नाही.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते, कारण ७२ च्या नादात ती उलटी समजली जाईल. एएफच्या माणसाची नाडी एकाएकी घड्याळासारखी सारख्या अंतराने आणि ४० च्या आसपास पडू लागली, तर ‘चला, लयीत आली’ म्हणून पेढे वाटू नका. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा संबंध पूर्ण तुटल्याची ती खूण असू शकते. ठोके आवरणारी डिगॉक्सिनची गोळी चालू असेल आणि सोबत मळमळ, अन्नावरची वासना उडणं, डोळ्यांपुढे पिवळं दिसणं असेल, तर औषध अंगात साचलंय अशी शंका घ्यायची आणि त्याच दिवशी ईसीजी काढायचा. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, मूत्रपिंडाचं काम मंदावलं, की हे जास्त होतं.

आता सकाळ-दुपारच्या फरकाचं. जिभाऊंची वही माझ्यासमोर आहे. पहाटे अंथरुणात ६४. चहानंतर ओट्यावर बसलेले, ७८. शेतातून चालत आल्याबरोबर १२४, आणि वीस मिनिटं बसल्यावर ८६. मलेरियाच्या तापात १३८. यातलं काहीही हृदय थकल्याचं लक्षण नाही. एव्ही नोडच्या नाक्यावर दोन प्रकारच्या नसांचा हुकूम चालतो: झोपेत आणि विसाव्यात एक प्रकार त्याला आवळतो, श्रम, भीती, ताप, वेदना यांत दुसरा सैल करतो. म्हणून एएफमध्ये श्रमाने ठोके निरोगी माणसापेक्षा चटकन वर जातात. डिगॉक्सिन बसल्या जागी ठोके आवरतं, पण चढ चढताना फारसं आवरत नाही. तिथे मेटोप्रोलॉलसारखी गोळी जास्त कामाची.

आपल्याकडे त्यात ऊन येतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तदाब उतरतो आणि ठोके चढतात, गोळी तीच असली तरी. आखाजीच्या दिवसांत वहीतला दुपारचा आकडा दरवर्षी वाढलेला दिसतो आणि मृगानंतर उतरतो. काळजी करायची ती आकडा खाली यायला तयार नसेल तेव्हा. अर्धा तास स्वस्थ बसूनही ठोके ११० च्या वरच राहत असतील आणि हे दोन-तीन दिवस चाललं असेल, तर दवाखाना गाठायचा. ताप, रक्त कमी होणं किंवा थायरॉइड वाढणं, काहीही मागे असू शकतं. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी दम लागणं असेल तर थांबायचंच नाही.

ऑक्सिमीटरबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण करोनानंतर तो घरोघरी आला. एएफमध्ये दोन ठोक्यांतलं अंतर फार कमी पडलं की हृदयाला रक्त भरून घ्यायला वेळ मिळत नाही. तो ठोका छातीवर ऐकू येतो, पण मनगटापर्यंत किंवा बोटापर्यंत त्याची लाट पोचत नाही. आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं: दोघींनी एकच घड्याळ बघायचं, एकीने छातीवर स्टेथोस्कोप ठेवायचा, दुसरीने मनगट धरायचं, आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. एका आजोबांचे छातीवर ११८ आणि मनगटावर ९२ आले होते. बोटावरच्या यंत्राने ९० च्या आसपास दाखवलं असतं आणि मजकूर लिहिणाऱ्याने त्यांना ‘१०० च्या आत’ म्हणून पास केलं असतं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवयही एएफमध्ये चालत नाही, कारण कुठले पंधरा सेकंद हाती लागतील ते सांगता येत नाही. ऑक्सिमीटर फेकून देऊ नका. पण आकडा लिहिताना रोज त्याच वेळी, पाच-दहा मिनिटं बसून, आणि शक्य तर घरातल्या कोणीतरी मनगट धरून मिनिटभर मोजून लिहा. सोबत त्या वेळी काय करत होता तेही लिहा. डॉक्टरांना त्या रकान्याचा जास्त उपयोग होतो.

धडधड नाही म्हणजे आजार नाही, हे तर लगेच खोडता येतं. कित्येकांना एएफ आहे हे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या ईसीजीतच कळतं. ‘छातीमा धडधड व्हस का?’ विचारलं तर मान हलवून नाही म्हणतात.

राहिली गोळी. याच मुद्द्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. थरथरणाऱ्या वरच्या डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचतं, साचलं की गुठळी धरते, सुटली की मेंदूत जाते. लकवा. एएफमुळे लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासाने १९९१ मध्येच दाखवलं. खालचे कप्पे ७० ने चालोत की ११० ने, वरचे थरथरतच असतात. गोळी द्यायची की नाही हे ठरवताना डॉक्टर जी यादी तपासतात तिच्यात वय ६५ च्या वर की ७५ च्या, रक्तदाब, मधुमेह, आधीचा लकवा, कमजोर हृदय, रक्तवाहिन्यांचा आजार हे सगळं असतं. ठोक्यांचा आकडा त्या यादीत नाहीच. ठोके आवरणारी गोळी वेगळी, गुठळी टाळणारी वेगळी. पहिलीचा निकाल चांगला आला म्हणून दुसरी बंद करणं म्हणजे विहिरीला पाणी आलं म्हणून घराचं छप्पर काढणं.

रक्तस्रावाची भीती खोटी नाही. पण वॉरफरिनसारखी गोळी अशा रुग्णांतले जवळजवळ दोन तृतीयांश लकवे टाळते, आणि रक्तस्राव कमी करायचे उपाय हातात असतात: रक्तदाब ताब्यात ठेवा, गुडघेदुखीला मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणू नका, दारू टाळा. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन झडप आकसलेल्यांना वॉरफरिन किंवा असिट्रॉम हीच द्यायची असते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये राखायचा असतो. त्यांनी रक्त पातळ करणाऱ्या नव्या प्रकारच्या गोळीवर परस्पर बदली करू नये. वॉरफरिन चालू आहे म्हणून मेथी, पालक, पोकळा बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवा म्हणजे झालं.

जिभाऊंची गोळी डॉक्टरांना फोन करून त्याच संध्याकाळी परत सुरू केली. तुमच्या घरात कोणी हा मजकूर वाचून थांबवली असेल, तर आजच फोन करा. आणि राहून गेलेल्या गोळ्या एकदम देऊ नका.