लहान धंद्याला इन्स्पेक्टर कशाला, म्हणे!

आज एका साखरपुड्याच्या जेवणात माझं डोकं फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही. शेजारच्या खुर्चीवर एक काका होते, लहानसं फॅब्रिकेशनचं युनिट चालवणारे. पुरी श्रीखंडात बुडवत म्हणाले, "सरकारनं काय तपासायचं ते मोठ्यांचं तपासावं. पंधरा-वीस माणसं ठेवणाऱ्याच्या मागे इन्स्पेक्टर कशाला? इंग्लंडात एवढी औद्योगिक क्रांती झाली, ती काय इन्स्पेक्टरला विचारून झाली?" टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच्या घरचं कार्य, म्हणून मी गप्प राहिले. इथे माझी भिंत आहे, इथे बोलणार.

माझे बाबा वणीकडच्या एका कोळसा खाणीत मायनिंग सरदार होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाळी सुरू व्हायच्या आधी आत जायचं, काठीनं छत ठोकून आवाज ऐकायचा, हवा कशी आहे बघायची, टेकू तपासायचे, आणि सगळं ठीक असेल तरच माणसं आत सोडायची. मी शाळेत असताना बाबांनी एकदा एक फेस, म्हणजे कोळसा तोडायची जागा, बंद ठेवला. "आवाज बरोबर नाही येऊन राह्यला," एवढंच कारण. वरचे साहेब भडकले, त्या पाळीचा कोळसा बुडाला, पोरं बाहेर बसून राहिली. बाबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, सही केली, घरी आले आणि वरण-भात जेवले.

ते छत पुढे पडलं का? नाही पडलं. जास्तीचे टेकू लावले आणि काम पुन्हा सुरू झालं. बाबांना मात्र 'घाबरट सरदार' हे नाव कायमचं चिकटलं.

आता काकांच्या इंग्लंडकडे येऊ.

क्रांती इन्स्पेक्टरशिवाय झाली हे खरंच आहे. कशी झाली ते ऐका. सुरुवातीला मेलेली माणसं मोजण्याचीसुद्धा कोणाला गरज वाटत नव्हती. १७६७ मध्ये न्यूकॅसलच्या एका वर्तमानपत्राने चक्क छापलं होतं की खाणीतल्या स्फोटांची फारशी दखल घेऊ नका, असं आम्हाला सांगण्यात आलंय. १८१२ मध्ये फेलिंगच्या खाणीत ९२ माणसं आणि पोरं गेली, तेव्हा तिथल्या एका पाद्रीनं सगळं लिहून छापलं आणि बोभाटा झाला. त्यातून १८१५ मध्ये डेव्हीचा सुरक्षा दिवा आला, खाणीतला गॅस पेटू न देणारा. आता तुम्ही म्हणाल, बघा, तंत्रज्ञानानं प्रश्न सुटला, कायदा कशाला! नाही सुटला. दिवा हातात आल्यावर मालकांनी पूर्वी ज्या गॅसच्या थरांना हात लावायची हिंमत नव्हती तेही उघडले. माणसं मरतच राहिली.

आणि पोरं. ४ जुलै १८३८, यॉर्कशरमधल्या सिल्कस्टोन गावची हस्कर खाण. वादळी पावसात वर ओढणाऱ्या इंजिनाची आग विझली, पोरं दुसऱ्या वाटेनं चालत बाहेर निघाली, ओढ्याचं पाणी त्या वाटेत घुसलं. २६ मुलं बुडाली, त्यात ११ मुली. सगळ्यात लहान मुलगा ७ वर्षांचा होता. सात! माझी भाची सात वर्षांची आहे, तिला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही. हवा खेळती ठेवायला जी दारं असत ती उघडायला-मिटायला या वयाची पोरं दिवसाचे बारा-बारा तास अंधारात बसवत. का? स्वस्त पडतात म्हणून.

१८४२ मध्ये कायदा झाला: बायका, मुली आणि १० वर्षांखालचे मुलगे जमिनीखाली नकोत. त्यावर लॉर्ड लंडनडेरी नावाच्या खाणमालकाचं सभागृहातलं म्हणणं काय, तर इन्स्पेक्टर आलाच तर त्यानं आपलं आपण खाली उतरावं आणि वाटलं तर खालीच राहावं. हा माणूस आज आपल्याकडे असता तर उद्योगरत्न पुरस्कार देऊन शाल घातली असती आपण त्याला. पुढच्या वर्षी जो एकुलता एक इन्स्पेक्टर नेमला, ह्यू ट्रेमेनहीर, तो वकील. सगळ्या देशाच्या खाणींना तो एकटा, आणि खाणीत उतरून छत-हवा तपासणं हे त्याचं कामच नव्हतं. त्यानं मजुरांच्या स्थितीवर अहवाल लिहायचे.

खाली उतरून बघायचा अधिकार मिळाला १८५० मध्ये. इन्स्पेक्टर किती? चार. खाणी? हजारोंच्या घरात. वर्षाला हजाराच्या आसपास माणसं मरत होती तेव्हा.

आता मुद्दा नीट ऐका, कारण काका इथेच चुकतात. पेपरात नाव यायचं ते मोठ्या स्फोटांचं. पण एकूण हिशेब केला तर जास्त माणसं छत पडून मरायची, आज एक, परवा दोन. साउथ स्टॅफर्डशरमध्ये तीस फूट जाडीचा कोळशाचा थर, आणि खाणी लहान लहान, 'बटी' नावाच्या ठेकेदारांच्या हातात. मालकाचा हिशेब ठेकेदाराशी, ठेकेदाराचा टनाशी. छत ठोकून बघायला वेळ घालवला तर ठेकेदाराचं नुकसान, टेकूला लाकूड जास्त लावलं तर नुकसान. एकटा मेला की मृत्यूचं कारण ठरवायला पंच बसायचे, गावातलेच, ज्यांची दुकानं खाणीच्या पगारावर चालायची. ते 'अपघाती मृत्यू' असं लिहून मोकळे व्हायचे. बातमी नाही, चौकशी नाही. लहान खाणीत माणूस लहान लहान हप्त्यांत मरतो, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

बाबांच्या त्या दिवसाचं मला आज जेवताना आठवलं ते यामुळेच. साहेब ओरडले तरी बाबांच्या मागे एक कायदा होता, रजिस्टर होतं, आणि धनबादच्या खाण सुरक्षा कार्यालयातून कधीतरी कोणी येऊन ते रजिस्टर उघडेल ही भीती साहेबांनाही होती. बाबा काही फार शूर वगैरे नव्हते हो. आईला विचारा, पाल दिसली तरी खुर्चीवर चढायचे. त्यांना 'नाही' म्हणता आलं, कारण 'नाही' म्हणायची सोय कोणीतरी करून ठेवली होती. बटीच्या खाणीतल्या माणसानं असं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा.

हार्टली खाणीचं सांगते आणि मग पुढे जाते. जानेवारी १८६२, नॉर्थंबरलंड. पाणी उपसायच्या इंजिनाची प्रचंड लोखंडी तुळई मोडली आणि थेट खाणीत उतरायच्या खोल विहिरीत कोसळली. बाहेर यायला ती एकच विहीर. मधोमध लाकडी पडदी घालून हवा आत-बाहेर करायची, तीसुद्धा तिच्यातच. २०४ माणसं गेली, बहुतेक सगळी आत अडकून विषारी वायूनं. वाचवणारे पोचायला कित्येक दिवस लागले. आतल्या एका ओव्हरमनच्या, म्हणजे मुकादमाच्या, वहीत सापडलं की पावणेदोन वाजता आम्ही प्रार्थना केली. (हे टाइप करताना थांबले होते थोडी. बाबांची वही अजून आईच्या कपाटात आहे.) दुसरी वाट हवी हे लोक आधीपासून सांगत होते. पण दुसरी विहीर खणायला पैसे लागतात! मग २०४ प्रेतं वर आली आणि त्याच वर्षी दोन वाटांचा कायदा झाला.

हो, मान्य, इन्स्पेक्टर पाकीट घेतात. सगळेच नाही, पण घेतात. इन्स्पेक्टर असूनही १८६६ मध्ये ओक्स खाणीत निदान ३६१ माणसं गेली, तेही मान्य. म्हणून काय कायदाच गुंडाळायचा? पोलीस पैसे खातात म्हणून उद्या चोरी माफ करा म्हणाल.

आपल्याकडे काही वेगळं घडलं असं समजू नका. वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण १८७०च्या दशकापासून चालत होती, खास तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. रेल्वेला कोळसा तातडीनं हवा होता, खाणकामगारांसाठी कायद्याची तातडी कोणालाच नव्हती. १८९७ ला कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२, १८९९ ला बलुचिस्तानातल्या खोस्टला कोळशाच्या खाणीत ४७ गेले, तेव्हा कुठे १९०१ चा खाण कायदा. इंग्लंडात जे शिकून झालं होतं ते इथे परत मरून शिकलो आपण.

आणि शिकलो तरी का? मेघालयातल्या उंदीरबिळाच्या खाणी बघा, माणूस जेमतेम रांगत जाईल एवढ्या अरुंद. लहान आहेत, पारंपरिक आहेत, लोकांच्या स्वतःच्या जमिनीत आहेत, म्हणून वर्षानुवर्षं कोणी आत डोकावलं नाही. २०१४ ला हरित लवादानं बंदी घातली. डिसेंबर २०१८ ला क्सानला पाणी घुसून १५ जण आत राहिले. जानेवारी २०२५ ला आसामात उमरांगसोला पुन्हा तेच, नऊ मजूर. मध्ये २०२३ ला उत्तराखंडातल्या सिल्क्याराच्या बोगद्यातून ४१ जणांना अशीच बिळं खणणाऱ्यांनी बाहेर काढलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, स्टेटस ठेवले. त्या माणसांना हे कौशल्य कुठल्या अंधारात आलं, ते विचारलं का कोणी?

काकांनी मघाशी अभिमानानं सांगितलेली आणखी एक गोष्ट राहिली. "परदेशातसुद्धा लहानांना सूट असते." असते ना! १८७२ च्या ब्रिटिश कायद्यात खाणीला परीक्षा पास झालेला मॅनेजर सक्तीचा केला, आणि जमिनीखाली तीसपेक्षा कमी माणसं असतील तर माफ. इन्स्पेक्टरनं नोटीस देऊन मागितला तरच ठेवायचा. म्हणजे जिथे मालकच ठेकेदार, ठेकेदारच मॅनेजर, आणि छताचा आवाज कळणारा एकही माणूस नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमकी तिथेच सूट.

आपल्या २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली आणि इन्स्पेक्टरचा 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर', म्हणजे तपासणारा आणि मदतनीसही, केला. इतर नियम दहा माणसांपासून लागतात, वाचलंय मी, कोणी लिंक टाकू नका. पण ज्या शेडमध्ये पंधरा पोरं आणि एक पॉवर प्रेस आहे ती आता कारखाना नाही. तिथे प्रेसला हात वाचवणारा गार्ड आहे का, हे मालकाच्या पगारावर नसलेला कोणता माणूस जाऊन बघणार आहे? नाव नको, हुद्दा सांगा. आणि तो शेवटचा कधी आला होता ते सांगा.